कापलेल्या कानांची मांजरं

पाटकर काकू मांजरांना जेवायला घालायच्या आणि त्यांचं खाऊन झालं की टाळ्या वाजवून त्यांना हाकलून द्यायच्या. रोडपालीच्या या सोसायटीत आम्ही नवीन होतो. खिडकीतून हे पाहून मला वाटलं, बाई विक्षिप्त आहे. एकदा जिन्याखालच्या पिवळ्या मांजराकडे मी हात पुढे केला, तर मागून आवाज आला, "ए कॉन्व्हेंट! हात लावायचा नाही. सॉफ्ट टॉय आहे का ते?"

मी आईशी बोलताना दर वाक्याला 'ॲक्च्युअली' म्हणते, हे त्यांनी ऐकलं होतं. तेव्हापासून मी कॉन्व्हेंट.

"लाडावलेलं मांजर कुणाच्याही जवळ जातं," त्या म्हणाल्या. "आणि इथले लोक मला माहीत आहेत."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. मांजरं पकडायच्या पिंजऱ्याचं दार धरायला त्यांनी मला विचारलं नाही, बोलावलं. पिंजऱ्यात बांगड्याचं डोकं ठेवायचं, मांजर आत गेलं की वर जुनी चादर टाकायची आणि रिक्षाने खारघरच्या डॉक्टरांकडे न्यायचं. तिथे नसबंदी होई, लसही टोचत. तेच मांजर पुन्हा पकडलं जाऊ नये म्हणून ते गुंगीत असतानाच डॉक्टर त्याच्या डाव्या कानाचं टोक कापत. मग ते होतं तिथेच आणून सोडायचं. वासाबद्दल कुरकुर करणाऱ्या रिक्षावाल्याला काकू म्हणाल्या होत्या, "वास तुझ्या सीटलाही येतो. मी काही बोलले?"

मी एकदा म्हटलं, "काकू, तुम्हाला मांजरं किती आवडतात!"

"कोण म्हणालं आवडतात? गाड्यांखाली चिरडलेली पिल्लं उचलून कंटाळलेय मी."

हळूहळू आमच्या पार्किंगमध्ये पिल्लं दिसेनाशी झाली. हे कुणामुळे झालं, असं कुणी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत काकू नाशिकला भावाकडे गेल्या, आम्हीही गावी. परत आलो तर ताटल्यांपाशी एकही मांजर येईना. वॉचमन खाली बघत म्हणाला, "मॅडम, एक आदमी बोरे में भर के ले गया. सेक्रेटरी साहब बोले, कटे कान वाली सब बीमार हैं, बच्चों को इन्फेक्शन होगा. नेरे की तरफ छोड़ दिया."

नसबंदी झालेली, लस टोचलेली, नेमकी तेवढीच मांजरं त्यांनी वेचून काढली होती.

काकू सेक्रेटरींच्या दारात उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे. "मॅडम, आपण त्यांना निसर्गात सोडलंय," ते हसून म्हणाले. "तिकडे शेतं आहेत, झाडं आहेत."

"चला, तुम्हालाही सोडते. चपला काढा, पाकीट इथे ठेवा आणि निसर्गात जगून दाखवा."

सेक्रेटरींनी दार लावून घेतलं.

त्यानंतर दर रविवारी आम्ही शहराबाहेर, नेऱ्याला जायचो. फार्महाऊसच्या कुंपणांपाशी काकू ताटली वाजवत फिरायच्या आणि आतून कुत्री भुंकायची. पिवळं मांजर सापडलं, रस्त्याच्या कडेला, मेलेलं. काकूंनी कान पाहिला आणि ते चादरीत गुंडाळलं. रिक्षात त्यांनी ते मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "ओळखायची खूण मीच करून दिली ना त्यांना."

ते आठवलं की आजही मला राग येतो.

मोकळ्या झालेल्या जागेत नवी मांजरं आली, नसबंदी न झालेली. उन्हाळ्यात प्रत्येक गाडीखाली पिल्लं होती आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींचा 'उपद्रवा'बद्दल मेसेज. काकूंनी पिंजरा बाहेर काढला. मी भीत भीत विचारलं, "कान नाही कापले तर चालणार नाही का?"

"कापणारच. तो माणूस अडाणी आहे म्हणून मी चुकीचं करू? दार धर."

या पावसाळ्यात काकू गेल्या. हार्ट अटॅक. संध्याकाळी ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं, 'आपल्या लाडक्या प्राणीमित्र पाटकर मॅडम यांना सोसायटीतर्फे भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

त्या ग्रुपवर मी कधी पाण्याबद्दलही तक्रार केलेली नाही. त्या दिवशी लिहिलं, 'त्यांनी ऑपरेशन करून आणलेली मांजरं तुम्ही पोत्यात भरून नेऱ्याला टाकलीत. एक आम्हाला मेलेलं सापडलं. बाकीच्यांचं काय झालं, ते काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही.'

सेक्रेटरींचं उत्तर लगेच आलं, 'बेटा, आजच्या दिवशी हे नको.'

मी लिहिलं, 'मग कोणत्या दिवशी?'