नववा आकडा

फोन आला तेव्हा मी शिरूरला स्वयंपाकघरात ताक घुसळत होते. दौंडहून भाचा बोलत होता. "आत्या, आप्पा गेलं." मी विचारलं, "कुठं?" ... असं वेड्यासारखं विचारलं मी.

आप्पा माझा थोरला भाऊ. दौंडच्या यार्डात नंबरटेकर होता, म्हणजे मालगाडी आली की तिच्या कडेनं चालत एकेका वॅगनचा नंबर वहीत उतरवायचा. मला चौथीतनं काढलं, तेव्हा पुढचे भागाकार त्यानंच शिकवले. रिटायर झाल्यावर त्यानं एक नंबर बांधायला घेतला. बांधायला, असंच म्हणायचा. सुरुवात सातापासनं. सात फुटत नाही, म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून त्याला कशानंच पूर्ण भाग जात नाही. पुढं तीन लावला, त्र्याहत्तर झाले, तेही फुटत नाहीत. मग सातशे एकोणचाळीस. असं करत करत तो ७३९३९१३३ पर्यंत पोचला. शेवटचा आकडा खोडा, राहिलेला फुटत नाही. आणखी एक खोडा, तरी नाही... थेट सातापर्यंत. वहिनी करवादायची, "वांगी आणा म्हणलं तर आकडं लावत बसत्यात!" हा म्हणायचा, "वांगी चार दिसांत सडत्यात गं. ह्यो सडतोय का?"

त्याला नववा आकडा हवा होता. सम आणि पाच तर चालतच नाहीत. एक किंवा सात लावला की तिनानं भाग जातो. राहिले तीन आणि नऊ. तीन त्यानं दोन वर्षं तपासला, शेवटी फुटलाच. मग मला म्हणाला, "नऊ तुझा. आन् मोबाईलला इचारायचं न्हाई हां!"

न फुटणाऱ्या एकेका आकड्यानं भागत मी सत्त्याण्णवापर्यंत आले, बारा उरले, आणि त्याच सुमारास त्याला अर्धांगाचा झटका आला. आधी उजवा हात गेला, मग पाय, मग बोलणं... दर खेपेला एसटीनं दौंडला जावं, तर आणखी काहीतरी कमी झालेलं. पण डोळ्यांतनं बघणारा आप्पाच. काहीतरी चांगलं सांगावं त्याला, म्हणून नातीला, तेजश्रीला, विचारलं. तिनं कॉम्प्युटरवर बघून लगेच सांगितलं, "आजी, नऊ पण फुटतोय. ह्याच्यापुढं कायच लागत न्हाई."

शेवटच्या भेटीत त्यानं डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर नऊ काढला आणि माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणाले, "न्हाई फुटला अजून, आप्पा. चाललंय." तो अर्ध्या तोंडानं हसला. जन्मभर ज्यानं वहीत एक आकडा चुकवला नाही, त्याला मी खोटं सांगितलं... आणि खरं सांगून तरी त्याच्या हातात काय ठेवणार होते?

गेल्या आठवड्यात माझी भागाकारांची वही उघडली. नऊ कशानं फुटतो, ते तेजश्रीला सांगू दिलेलं नाही. एकशे एकनं भागलं. दोनदा पडताळून बघितलं. तेहेतीस उरले.

"न्हाई फुटला, आप्पा," मी मोठ्यानं म्हणाले. त्या दिवसापुरतं एवढं तरी खरं होतं.