तीन मरीया

नाताळच्या आधीचा शनिवार, सालवडच्या चर्चमध्ये येशूजन्माच्या नाटकाची तालीम. हजर: दोन मेंढपाळ, एक योसेफ, तीन मरीया, पाळकसाहेब, त्यांची बायको आणि पडदा बांधायला गेलेली मी.

पाळकांची बायको म्हणजेच शब्बाथशाळेच्या, चर्चमधल्या मुलांच्या वर्गाच्या, बाई. आईबापांच्या कारखान्यातल्या पाळ्या बदलल्या की मुलं येत नाहीत, म्हणून मरीयेचं काम त्या दरवर्षी तिघींना शिकवून ठेवतात. यंदा तिघीही आल्या, निळ्या ओढण्या घेऊन.

"बाई, मीच मरीया हाय ना?" धाकटी रडवेली झाली.

"अगं, गोठ्यात मरीया एकच होती," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

बाईंनी तोंडातली टाचणी काढून धाकटीच्या ओढणीला लावली. "तिथं एक असेल. आपल्याकडं तीन आल्यात. दोघींना घरी पाठवू?"

पाळकसाहेब हसले आणि आणखी दोन पाट घेऊन आले. बाळ येशूची बाहुली मात्र एकच आहे. ती कुणाच्या मांडीवर द्यायची, ते अजून ठरायचंय.