इरकली पदर आणि दूरची जहाजे

पन्नाशी उलटल्यावर मी धारवाडला अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी नाव घातले, तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही. विरोध करण्याइतके ते कोणी मनावरच घेतले नव्हते. "आता डॉलरचा भाव आमच्या वहिनी ठरवणार," असे धाकटे दीर दुकानात सांगत, आणि गिऱ्हाइकांबरोबर मीही हसत असे. संस्कृत घेऊन पदवीधर झाले खरी, पण चार माणसांत बोलणे मला कधी साधले नव्हते.

दाजीबानपेठेतले आमचे दुकान इरकली लुगड्यांचे. माल विणून देणारे घराणे पिढ्यान् पिढ्या एकच. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर त्या घरच्या विणकराने लुगड्याचा भाव पुन्हा चढवला. पेठेची रीत अशी, की भाव सांगावा, कारण सांगू नये; कारणे देणारा माणूस कच्चा ठरतो. तो रीतीप्रमाणे गप्प बसला, आणि माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, त्या गप्प बसण्याला लोभ मानले.

"तुझा माल आता नको. सुरतेहून मागवतो," अप्पा म्हणाले.

"असू दे, सावकार. माग विकून टाकतो," म्हणत तो उठला.

मी चहा घेऊन आतून आले होते. ट्रे गादीजवळ ठेवून मी म्हणाले, "अप्पा, पदराचा धागा ह्यांच्या गावात होत नाही."

"मग काय अमेरिकेत?" दीर हसले.

"भाऊजी, त्याचा भाव थोडा अमेरिकेतही ठरतो." आणि मी बोलत गेले. पदराला लागणारे हे कृत्रिम रेशीम लाकडाच्या लगद्याचे. लगदा युरोपच्या उत्तरेकडून जहाजाने येतो. तांबड्या समुद्राची वाट धोक्याची झाल्यापासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालतात. भाडे वाढते, विमा वाढतो. तिकडे अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर चढे ठेवते, पैसा डॉलरकडे धावतो, रुपया उतरतो, आणि तोच लगदा आपल्याला आणखी महाग पडतो. "ह्यांची मजुरी वाढली का, ते विचारा."

"मजुरी होती तीच आहे, अक्का," विणकर म्हणाला.

"मग आधी बोलायला काय झालं होतं रे तुला?" अप्पा कडाडले.

"तुमच्या गादीपुढं कारणं सांगू? उद्या पेठ हसेल की मला!"

दीर गंभीर झाले होते. "म्हणजे सुरतेच्या धाग्यालाही हाच वळसा?"

"हो. सुरतेच्या यंत्रमागाला वेगळा समुद्र नाही."

अप्पांनी विणकराला हाताने खाली बसवले. "माग विकू नकोस. लग्नसराईचा माल तूच द्यायचास." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "आणि हा रुपया वर कधी येणार?"

"ते नक्की कोणालाच सांगता येत नाही, अप्पा," मी म्हणाले. सुनेने मांडलेला हिशेब सासऱ्यांनी मानला, याचा आनंद होताच. पण 'माहीत नाही' हे उत्तरही त्या दिवशी मी मान वर करून, न अडखळता दिले, याचा अभिमान मला अधिक वाटतो.