दादाच्या कागदावर मी लिहिलेलं

वैनीचा फोन आला तेव्हा मी एका माणसाला विचारत होते, "जेवल्यावर हात खिशाकडे जातो का?" पलीकडून वैनी एवढंच म्हणाली, "बाय, तुजा दादा गेला गो." मी फोन ठेवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. सांगायला लाज वाटते, पण उत्तरही लिहून घेतलं. नोकरीच तशी आहे माझी. बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांच्या घरी दर महिन्याला जायचं आणि त्यांच्या वागण्यात काय फरक पडला ते मोजायचं. प्रत्येक उत्तराला गुण असतात.

नामादादा माझा चुलत भाऊ. उरणजवळच्या आमच्या गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तो न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. बंदराबाहेरच्या रांगेत गाडी तासन्‌तास उभी आणि याच्या बोटांत बिडी. त्याला मीच गळ घातली. खरं तर माझ्या यादीत एक नाव कमी पडत होतं. "तुज्यासाठी सोरतो, बाय," म्हणाला आणि सोडली की हो! माझ्यासमोर शपथा घेऊन मोरीत जाऊन ओढणारे शिकलेसवरलेले मी ढिगानं पाहिलेत. हा कधी खोटं बोलला नाही. श्वासातला बिडीचा धूर मोजायच्या यंत्रात फुंकर मारायचा, आकडा खाली आला की वैनीला हाक मारून दाखवायचा.

तिसऱ्या महिन्यात प्रश्न होता, तलफ आली की बिडीऐवजी काय करता? तो सरळ म्हणाला, "मशेरी लावतो. तुजी वैनी भाजते ती." ...आता बाहेरच्या माणसाला हे पटणार नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांना चोळायची, ती मशेरी. पण आमच्याकडे तिला तंबाखू कुणी म्हणतच नाही. आजीनं लावली, आईनं लावली, लग्नापर्यंत मीही लावली. ती दात घासायची वस्तू. मी रकान्यात लिहिलं, 'दात घासतात.' पर्यायी चांगली सवय म्हणून पूर्ण गुण दिले. प्रशिक्षण घेतलेल्या बाईनं!

त्या गुणांवर ग्रामपंचायतीत शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार झाला. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. एव्हाना सकाळच्या एका वेळेवर न थांबता तो दिवसातून आठ-दहा वेळा मशेरी लावत होता, गाडीत बसल्या बसल्या गालात धरून ठेवत होता. मला हे दिसत होतं. कागदावर त्याला रकाना नव्हता.

मग गालात आतून फोड आला. "तिखट लागतंय गो, घास न्हाय जात," म्हणाला. बिडी सोडल्यावर काहींचं तोंड येतं, असं आमच्या पुस्तिकेत छापलंय. मी त्याला ते वाचून दाखवलं. वर म्हणाले, "दादा, ही चांगली खूण आहे." 'सोडल्यानंतरचे त्रास' या प्रश्नासमोर टिक केली. वैनी डॉक्टरकडे चला म्हणाली की तो म्हणायचा, "बायनं सांगतलंय, बरं होल." माझ्या त्या एका टिकेवर माणूस पाच महिने बसून राहिला. तोंड पुरतं उघडेना तेव्हा कुठे मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "तंबाखू?" दादा छाती काढून म्हणाला, "सोरली!" डॉक्टरांनी गालाच्या आत बॅटरी मारली आणि माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं... आणि तेव्हाही मी गप्प बसले. स्वतःची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

गालाचा कॅन्सर निघाला. त्याला जाऊन महिना उलटला. परवा मनाशी ठरवून वैनीकडे गेले. ती स्वयंपाकघरात स्वतःपुरती मशेरी भाजत होती, घरभर तो वास. मी गॅस बंद केला. सगळं सांगितलं, ही तंबाखूच आहे, हिनंच दादाला नेलं, मी चुकीचं लिहिलं. वाटलं होतं, ती चार शिव्या घालेल, मी रडेन आणि मोकळी होईन.

तिनं तव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी का न्हाय बोललीस? मी माज्या हातानं भाजून देयाची त्याला."

भाजणारे हात तिचे होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं मशेरी मोरीत ओतली, तवा नळाखाली धरला आणि घासायला बसली. मी दारात थांबले, निघते म्हणाले. तिनं वर पाहिलं नाही. तवा केव्हाच लखलखीत झाला होता, ती घासतच होती.