दहाच्या वर गेलेला आकडा

भावाच्या रक्ताचा रिपोर्ट पेणच्या लॅबमधून रोह्याला माझ्या फोनवर येत असे. मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन मुंबईला झालं होतं, रेडिएशनचे शेक संपले होते, आणि दर पंधरा दिवसांनी तो गागोद्याहून पेणला येऊन रक्त देत होता. रिपोर्टात पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी असते. त्यातल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागलं की शरीरातल्या दाहाचा अंदाज येतो, आणि अशा गाठीच्या रुग्णात हा भागाकार मोठा असला तर पुढचं बरं नसतं, असं मी वाचलं होतं. वर्तमानपत्रात बातम्या लिहिण्यात आयुष्य गेल्यामुळे वाचलेलं लक्षात राहतं.

दिवाळीआधी भागाकार चार होता. भात कापून झालं त्या आठवड्यात रिपोर्ट आला: चौऱ्याऐंशी आणि आठ. म्हणजे दहाच्या वर.

मी गागोद्याला गेलो. भाऊ पडवीत बसला होता. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात. ओल थोडे दिवस टिकते, मग जमीन भेगाळते आणि दाणा रुजत नाही. बियाण्याचा डबा त्याच्या पायाशी होता.

"काय सांगतोय तुझा आकडा?" त्याने विचारलं. "वालाला तीन-चार महिने लागतात. पेरला तर काढायला मी हाय का नाय, येवढंच सांग."

"दादा, यंदा राहू दे," मी म्हणालो.

वहिनी बाहेर आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती डबा उचलून आत घेऊन गेली.

पुढच्या तपासणीला मुंबईत मी भागाकारांचा कागद डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी तारखा पाहिल्या.

"या दोन रिपोर्टांच्या मध्ये मेंदूची सूज उतरावी म्हणून मी स्टिरॉइड वाढवलं होतं. त्या गोळीनेही न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट उतरतात. आणि हा आकडा पुष्कळ रुग्ण एकत्र पाहिले तर काही सांगतो. या एका माणसाचं त्यावरून सांगता येत नाही."

गाठ परत येणार नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

वाढवलेली गोळी वहिनीने घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. मी विचारलंच नव्हतं.

परतताना गाडी पेणच्या अलीकडे जिते गावाजवळ आली तेव्हा भाऊ म्हणाला, "छापायच्या आधी खरं का खोटं ते दोघांना इचारायचास ना रे तू? का ते नुसतं लोकांच्या बातमीला?"

"गप बसा वो," वहिनी म्हणाली.

"का गो? काय खोटं बोललो?"

घरी पोचल्यावर तो काठी टेकत शेतात गेला. टाचेने ढेकूळ दाबून पाहिलं. ते फुटलं नाही.

"गेली ओल," तो म्हणाला.

वहिनीने डब्यातले दोन मूठ वाल मोरीचं पाणी जातं तिथे टोचले.

आता फेब्रुवारी आहे. शेजारच्या शेतांत वाल उभे आहेत, आमचं मोकळं आहे. भावाला डावा हात उचलता येत नाही. मोरीपाशी स्टूल टाकून तो उजव्या हाताने शेंगा तोडतो. गोळी कमी केल्यापासून भागाकार पाचावर आला आहे. मी तो सांगितला नाही, त्यानेही विचारला नाही.

परवा मी गेलो तेव्हा त्याने भरलेल्या चार शेंगा वेलावरच ठेवल्या.

"ह्या तोडू नको गो," तो वहिनीला म्हणाला. "सुकू दे. बियान्याला लागतील."