घासून परत दिलेला लॅपटॉप

माझं काम काय, हे घरच्यांना समजावायचं म्हणजे डोक्याला ताप. कंपनीतल्या सगळ्यांच्या फाइल्स, गप्पा, मीटिंगा ज्या एका सॉफ्टवेअरमध्ये चालतात, त्याची व्यवस्था मी बघते. कोणाला काय दिसावं, काय दिसू नये, नवीन कोण आलं, कोण सोडून गेलं. आईला हे शंभरदा सांगून झालं. शेवटी आमच्या वर्तकनगरच्या शेजारणीने विचारल्यावर तिने परस्पर सांगून टाकलं, "कंपनीच्या चाव्या सांभाळते गं ती." मला ते इतकं आवडलं की तेव्हापासून मीही तेच सांगते.

आमची कंपनी कोलशेतला, पंपांचे सुटे भाग बनवते. माणसं साधी, मशीनवर पक्की आणि कॉम्प्युटरवर घाबरट. आणि माझ्यात एक खोड अशी, की एखादी गोष्ट "अशी का झाली" हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मिक्सर बिघडला तरी मी दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर उभी. "काय झालेलं? का झालेलं?" बिचारा एकदा म्हणाला, "ताई, चालू झाला ना? मग जाऊ दे ना." जाऊ देणं मला जमत नाही. मी आता एक मराठी ब्लॉग लिहिते, तो सुरू झाला या खोडीतूनच.

दिवाळीची सुट्टी संपून आम्ही कामावर आलो, तर गुणवत्ता विभागाचा सामायिक फोल्डर रिकामा. प्रत्येक भाग तपासून लिहिलेले वर्षानुवर्षांचे अहवाल त्यात होते. पुढच्या आठवड्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट, आणि दाखवायला एक कागद नाही. मी नोंदी उघडल्या. फाइल्स सुट्टी लागली त्याच दिवशी पुसल्या गेलेल्या, आणि पुसणाऱ्याच्या जागी त्या विभागाच्या साहेबांचंच नाव.

मी त्यांना सर म्हणायचे. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. ते अहवाल बहुतेक त्यांनीच लिहिलेले. डोंबिवलीचे, बोलणं अगदी पुस्तकातलं, डबासुद्धा चौकोनी घडीच्या रुमालात बांधून आणायचे. त्यांनी एक वर्ष मुदतवाढ मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. झालं! लोकांना एवढं पुरे. जेवणाच्या टेबलावर कुजबुज सुरू, "जाता जाता लाथ मारली म्हाताऱ्याने."

प्लँट हेडनी मला बोलावलं. "नाव त्यांचंच आहे ना?"

"नाव आहे. पण का केलं असेल, ते कळत नाहीये."

"का ते कशाला हवंय तुम्हाला? ते म्हणतात मी काही पुसलं नाही, आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं पुसलं. खोटं कोण बोलतंय?"

सरांना घरी बसायला सांगितलं गेलं. निरोप समारंभाचं काय करायचं ते नंतर बघू, म्हणे. मला सरळ राग आला. ज्या माणसाने एक भाग वाकडा निघाला तर अख्खी खेप थांबवली, तो स्वतःचेच अहवाल जाळेल? आणि समजा पुसलेच, तर तोंडावर नाही म्हणेल? दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? त्या प्रश्नाने माझं डोकं पोखरलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी डोंबिवलीला गेले. सर दारातच म्हणाले, "अगं, तू कशाला आलीस? तुझ्यावर येईल." पडलेला चेहरा. मी म्हटलं, "सर, तुम्ही काय केलं नाहीत ते नका सांगू. सुट्टी लागली त्या दिवशी काय काय केलंत, तेवढं सांगा."

त्यांना काही विशेष आठवेना. घरी आलो, चहा प्यायलो, माळा आवरायला थोडी मदत केली. मी लॅपटॉप तपासायला मागितला. तो त्यांनी पिशवीत घालून आणला, तेवढ्यात काकू आतून धावत आल्या. "थांब थांब, रिकामी नेऊ नकोस." आणि त्यांनी पिशवीत चकल्यांची पुडी कोंबली. "दुसऱ्याची वस्तू रिकामी परत देऊ नये गं. हे तर काय, सुट्टी लागली त्या संध्याकाळभर तो लॅपटॉपच घासत बसले होते. मी म्हटलं, अहो, माळा कोण साफ करणार? तर म्हणे, आधी कंपनीचं भांडं."

मी पिशवीवरचा हात तसाच ठेवून सरांकडे बघितलं. "सर, घासत बसला होतात म्हणजे?"

"अगं, परत करायचा ना आता महिनाअखेरीला. पुढच्या माणसाच्या हाती खरकटं भांडं द्यायचं का? म्हणून आतलं सगळं काढून टाकलं. फक्त माझ्या लॅपटॉपवरचं हं! कंपनीचं कंपनीत आहेच की."

"आणि कचरापेटी?"

"तीही रिकामी केली. कंपनीच्या फाइल्सच्या पानावर एक होती, तीसुद्धा भरलेली दिसली. कचरा भरलेला कसा ठेवायचा?"

मी हसायला लागले. अशी हसले की काकू घाबरल्या. मग सरांचा चेहरा बघितला आणि माझं हसू पळालं. कंपनीचा तो फोल्डर लॅपटॉपवर दिसतो, पण ती वेगळी प्रत नसते. तो जोडलेला असतो. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. मीच तो जोडून दिलेला, घरून काम सोपं व्हावं म्हणून. सरांना मी हे सांगितलं. "म्हणजे मीच केलं," ते म्हणाले. "मी त्या लोकांना खोटं सांगितलं." मी म्हटलं, "खोटं नाही सर, तुम्हाला ठाऊक नव्हतं." पण ते ऐकतच नव्हते.

परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट. कारण सापडलं, पण फाइल्स? त्या आल्या नाहीत, तर कारण कोण ऐकतंय? मी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या मदतकेंद्राला लिहिलं, तर त्यांनी पासवर्ड कसा बदलावा ते पाठवलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! इंग्रजीतली मदतीची पानं वाचली. सगळीकडे तेच, कचरापेटीत बघा. अरे बाबांनो, कचरापेटीच रिकामी केलीय!

दुपारच्या चहाला सगळे खाली गेले, मी मात्र कचरापेटीचं ते रिकामं पान उघडून बसले. इतक्यांदा बघितलेलं. या वेळी ते मी तळापर्यंत खाली ओढलं. तिथे, बारीक अक्षरात, एक ओळ. दुसऱ्या टप्प्याची कचरापेटी. ही फक्त चाव्या सांभाळणाऱ्याला दिसते. बाकीच्यांनी आपली पेटी उलटी केली की सगळं इथे येऊन पडतं, ठराविक मुदतीपर्यंत. इतकी वर्षं हे काम करतेय आणि ही ओळ मी कधी वाचलीच नव्हती. काखेत कळसा, गावाला वळसा! मी दाबलं. सरांचे अहवाल ओळीने उभे. खुर्चीतच मी टाळ्या वाजवल्या. समोरून चहाचा कप घेऊन येणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, लॉटरी लागली का?"

फाइल्स परत आल्या. मी प्लँट हेडना सगळं समजावलं, लॅपटॉप, भांडं, घासणं. ते म्हणाले, "आल्या ना? मग विषय संपला." विषय कसला संपतोय! टेबलावर आता नवीन कुजबुज, "पकडला गेला म्हणून परत दिल्या." आणि निरोपाचं काय विचारलं, तर म्हणे ऑडिटच्या गडबडीत नको, शाल-श्रीफळ घरी पोचवू. शाल काय पार्सलने पाठवायची वस्तू आहे? माणूस आयुष्यभर तुमच्याकडे राबला, आणि जाताना चोराचा शिक्का घेऊन जाणार?

एकेकाला पकडून सांगणं शक्य नव्हतं. सांगितलं तरी लोक मान हलवायचे आणि पुढे जाऊन तेच बोलायचे. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे लिहून ठेवावं. मराठीत. आमच्याकडची माणसं प्रश्न मराठीत विचारतात, तर त्यांना उत्तर मराठीत का मिळू नये? एका फुकटच्या ब्लॉगवर मी खातं उघडलं आणि लिहायला बसले, तर पहिल्याच वाक्याला अडले. "जोडलेला फोल्डर" म्हणजे काय, हे मला स्वतःलाच सरळ सांगता येईना! इंग्रजी शब्द फेकून मी इतकी वर्षं वेळ मारून नेत होते तर. मग मी आईला समोर बसवलं, आणि तिला कळेपर्यंत प्रत्येक वाक्य बदललं. ती मध्येच विचारायची, "पण मग ते दुसऱ्या पेटीत का ठेवतात?" तिच्या प्रश्नांनीच लेख झाला. मजा आली मला. आपल्याला येतं असं वाटणाऱ्या गोष्टीत इतक्या खिडक्या असतात, हे मी पहिल्यांदा बघत होते.

लेखात मी सांगितलं, एका गृहस्थाने लॅपटॉप परत देण्याआधी घासला, आणि त्यामुळे काय झालं, का झालं, तसं झालं तर कुठे शोधायचं. नाव अर्थातच घातलं नाही. माझंही नाही. ऑफिसात आणखी पंचायत नको, म्हणून लेखकाच्या जागी नुसतं "ॲडमिन" ठेवलं. सरांना आधी वाचायला पाठवलं. "हरकत नाही," एवढंच उत्तर आलं. मग दुवा कंपनीच्या ग्रुपवर टाकला.

दिवसभर मी दर थोड्या वेळाने उघडून बघत होते. वाचलंय का कोणी? एक अंगठा आला, तोही टिटवाळ्याहून येणाऱ्या आमच्या स्टोअरवाल्यांचा, आणि ते सगळ्यालाच अंगठा देतात.

सकाळी मात्र लेखाखाली एक प्रतिक्रिया होती. शुद्ध, एकही चूक नसलेली.

"या लेखातला लॅपटॉप घासणारा गृहस्थ मीच. भांडं परत द्यायचं आहे हे मला ठाऊक होतं, त्यात सगळ्यांचं जेवण वाढलेलं आहे हे ठाऊक नव्हतं. ज्यांना माझी शंका आली त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. माझ्यानंतर जे निवृत्त होतील त्यांनी हा लेख वाचून मगच लॅपटॉपला हात लावावा." खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याखाली हुद्दा आणि विभाग.

मला रडूच आलं. जिन्यात उभी राहून मी ते तीनदा वाचलं. दुपारपर्यंत खाली आणखी माणसं बोलायला लागलेली. स्टोअरवाले म्हणाले, "बापरे, मी तर याच रविवारी साफ करणार होतो." एकीने लिहिलं की तिनेही मागे असंच केलेलं आणि घाबरून कोणाला सांगितलं नव्हतं. टेबलावरची कुजबुज बंद झाली. संध्याकाळी प्लँट हेड माझ्या जागेपाशी आले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "शाल घरी नका पाठवू. कँटीनमध्ये करू, सगळ्यांसमोर. सरांना तुम्हीच फोन करा."

फोन लावायच्या आधी मी पुन्हा ब्लॉग उघडला. सरांनी आपली चूक नाव-गाव-हुद्द्यासह जगासमोर ठेवली होती, आणि तिच्या वर, लेखाच्या माथ्यावर, माझ्या जागी अजून "ॲडमिन" बसलेला. लाज वाटली मला. सेटिंग्ज शोधली, तो शब्द पुसला आणि माझं नाव लिहिलं, आडनावासकट.