चावीवाल्या बापाबरोबर बेटावर घर शोधताना

डोंबिवलीतला फ्लॅट विकायचा आणि मुंबई शहरात, म्हणजे खऱ्या बेटावर, मिळेल तेवढं घर घ्यायचं, हा निर्णय माझा. नवरा म्हणाला, "तीन खोल्यांतून दीड खोलीत जाण्याला लोक संन्यास म्हणतात." पण बाबा माझ्याकडे राहायला आल्यापासून गॅलरीत बसून गप्प होत चालले होते आणि त्यावर माझ्याकडे दुसरं औषध नव्हतं. आमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याला सोमवारी उत्तर हवं होतं. मुलीची परीक्षा होती म्हणून नवरा घरी थांबला आणि मी बाबांना घेऊन शनिवारी निघाले.

बाबांची ओळख करून देते, कारण ही सहल त्यांच्यामुळेच वाचनीय झाली. वय एकाहत्तर. पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं झाकण उघडून, लांब लोखंडी चावी घालून गल्लीला पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. मुंबई हे बेट आहे हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. बाबांना मात्र चढ कुठे, उतार कुठे आणि भरती आली की पाणी कुठे तुंबतं, सगळं पाठ.

पहिला मुक्काम गिरगाव. सल्ला देते: गाडी आणू नका. दादरपासून टॅक्सी करा, नाहीतर पार्किंग शोधण्यात घर शोधायचं राहून जाईल. एजंट पांढऱ्या शर्टात, उत्साहात होता. "मॅडम, सी व्ह्यू आहे." होता. न्हाणीघराच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं की दोन इमारतींच्या फटीत ओढणीएवढा समुद्र दिसत होता. बाबांनी तोवर स्वयंपाकघरातला नळ सोडला, धारेखाली बोट धरलं आणि म्हणाले, "पंप लावलाय. पंप बंद पडला की तुम्ही समुद्र बघत बसा." दुपारी एका खानावळीत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. दोघांचं चारशेच्या आत झालं, आणि दिवसभरातला तो एकमेव व्यवहार आम्हाला परवडला.

मग शिवाजी पार्क. हे घर आमच्या ऐपतीबाहेरचं होतं, पण मालक निवृत्त प्राध्यापक आणि "माणसं चांगली असतील तर भावाचं बघू" असं म्हणाले होते. माणसं चांगली आहेत का, याची तपासणी लगेच सुरू झाली.

"पवार म्हणजे नेमके कुठले?"

"लालबागचे," बाबा म्हणाले.

"तसं नाही. मूळचे?"

"मूळचे पाणीखात्याचे."

"म्हणजे आपल्यात... आपण कोण?"

"आम्ही बौद्ध. तुमच्या फ्लशची टाकी गळते, वायसर बदलून घ्या."

यानंतर सरांना आठवलं की भाच्यालाही घर बघायचंय. चहा तेवढा छान होता. खाली उतरल्यावर मी तणतणत होते. बाबा म्हणाले, "चल. या इमारतीला मी नऊ वर्षं पाणी सोडलंय. तेव्हा कुणी विचारलं नाही." आणि मैदानाच्या कठड्यावर बसून त्यांनी शांतपणे शेंगदाणे खाल्ले. माझा राग मात्र आत्याच्या घरी, भायखळ्याला पोचेपर्यंत उतरला नव्हता. रात्री तिथेच राहिलो.

रविवारी सकाळी परळ. काचेची लॉबी, लॉबीत कारंजं, कारंज्यात पाणी नाही. घर मात्र मला आवडलं. वारा होता, उजेड होता, लिफ्ट होती. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले. खाली आले तर बाबा कंपाउंडच्या भिंतीसमोर उभे.

"हा रंग कमरेपर्यंतच नवा का?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

वॉचमनने एजंटकडे पाहिलं. एजंटला नेमका तेव्हाच फोन आला. मग वॉचमन हळूच म्हणाला, "पाणी भरतं, काका. दर वर्षी रंगवतात."

तर घर बघायला जाणाऱ्यांनो, गच्चीवरून काय दिसतं ते नंतर बघा. आधी भिंतीचा रंग बघा आणि वॉचमनशी बोला.

तिथून लालबाग. मी जिथे वाढले त्या जुन्या चाळीच्या शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर विकायला होतं. मी हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, बाबांना खूश करायला. गल्लीत शिरून चार मिनिटं झाली नसतील, तर आमच्या जुन्या शेजारीण सुलभामावशी समोर उभ्या. गळ्यात पडतील असं मला वाटलं.

"पवारांनू, खंय होतात इतकी वर्सां? सकाळचा पाणी येणा नाय. बघा मगे जरा."

आणि बाबा बघायला लागले. झाकणाजवळ उकिडवे बसले, कान लावला, मागच्या गल्लीत कुणी नवी लाइन घेतली का विचारलं. आणखी दोघं-तिघं जमले. प्रत्येकाची तक्रार वेगळी, आणि बाबा प्रत्येकाशी भांडत होते. डोंबिवलीत वर्षभरात बोलले नसतील इतकं ते वीस मिनिटांत बोलले. माझं ठरलं. हेच घर.

जिन्याच्या पायथ्याशी मी तसं म्हणाले. लिफ्ट नव्हती, लाकडी जिना होता. बाबांनी कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही."

"बाबा, इथे तुम्हाला सगळे ओळखतात."

"ओळखू देत. घर इथे नको." मग माझ्याकडे न बघता: "तुझी आई असल्याच जिन्यावरून बावीस वर्षं हंडे वर नेत होती. मी दहा मिनिटं चावी उशिरा बंद केली असती तर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं असतं. केली नाही. नियम होता. ती एकदाही काही बोलली नाही." त्यांनी कठड्यावरचा हात काढून घेतला. "तुला मी या जिन्यावर रोज बघणार नाही."

आम्ही कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायलो. मग मी एजंटला फोन करून विचारलं, लिफ्टवालं काही जवळपास आहे का.

होतं, शिवडीला, दुसऱ्या मजल्यावर. एजंट म्हणाला, "फ्लेमिंगो व्ह्यू." फ्लेमिंगो त्या दिवशी रजेवर होते, चिखलाचा वास मात्र कामावर हजर होता. खाली ट्रकांची रांग, समोर गोदामं. स्वयंपाकघर एवढंसं की भाकरी उलटायची तर शेजाऱ्यांची परवानगी लागेल. पण रस्त्याला चांगला उतार होता, भिंतींवर पाण्याची खूण नव्हती, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाई बाबांना म्हणाल्या, "पाणी येतं हो, पण गढूळ येतं. कुणाला सांगायचं?" बाबांनी विचारलं, "कधीपासून?" आणि पिशवी खाली ठेवली. लालबाग इथून बसने थोडंच लांब. एवढं अंतर त्यांना चालणार होतं.

संध्याकाळी घरी आलो आणि सोमवारी शिवडीचं घर पक्कं करून गिऱ्हाइकाला होकार कळवला. डोंबिवलीची गॅलरी सोडताना मला वाईट वाटणार आहे, खोटं कशाला बोलू. घर सोडायचं म्हणून मुलीने माझ्याशी अबोला धरलाय. घरातल्या निम्म्या वस्तू कुठे जाणार, मला माहीत नाही. दोन दिवसांत दोन गोष्टी कळल्या. स्टेशन किती मिनिटांवर हे मी दहा वेळा विचारलं होतं. आणि बाबांना इथे काय सलतं, हे एकदाही नाही.

म्हणून जेवताना विचारलं, की लालबागला परत जायचं मनात होतं का.

"तसं नाही गं," ते म्हणाले. "इथे मला कुणी काही विचारत नाही, एवढंच."

मी वाढायचं थांबले. मग मीच म्हणाले, "त्या स्वयंपाकघरात वॉशिंग मशीन कुठे बसवायचं, बाबा? मला तर जागाच दिसत नाही."

ते जेवण अर्धं टाकून कागद-पेन्सिल शोधायला उठले.